सुंदराबाईच्या फळ्याला दोन नोटिसा

दत्ताराम : तू आधी.

भीमराज : दारापाशी पहिला कोण पोचला? तू. मग आतही तूच.

दत्ताराम : पोचलो, पण चप्पल काढायला थांबलो ना. तेवढ्यात तू आलास. आता तुझा नंबर. आणि हात पाठीमागे का धरलायस रे? काय आहे?

भीमराज : ऑफिसचा कागद. तुझ्या खिशातून काय डोकावतंय?

दत्ताराम : कंपनीचा कागद.

भीमराज : कुणाच्या नावानं?

दत्ताराम : ज्या दारात उभे आहोत त्या दारातल्या बाईच्या. तुझा?

भीमराज : माझाही.

दत्ताराम : वाट लागली. म्हणजे दोघांची एकदम पूजा होणार.

सुंदराबाई : कोण कुजबुजतंय तिथं? आत तरी या नाहीतर बाजूला तरी व्हा. उजेड अडतोय माझा.

दत्ताराम : मी गो वैनी, दत्ताराम. आणि हा भीमराज. सहज आलो.

सुंदराबाई : बावीस वर्षं झाली या चाळीत, तू सहज कधी आला नाहीस. डब्यातल्या आमटीत मीठ जास्त पडलं की येतोस. आणि हा भीमराज मीठ जास्त पडलं तरी येत नाही, चिठ्ठी पाठवतो. बसा. पाट घ्या. लसणाच्या सालींवर बसू नका.

(शनिवारची दुपार, साल शहाऐंशी. आग्रा रोडच्या आतल्या अंगाची बैठी चाळ, खोली नंबर अकरा. खानावळीचे डबे केव्हाच गेलेत. सुंदराबाई संध्याकाळच्या फोडणीसाठी लसूण सोलत बसलीय.)

भीमराज : सुंदराबाई, आम्ही जरा कामानं आलोय. म्हणजे मी माझ्या कामानं. हा ह्याच्या.

सुंदराबाई : दोन्ही कागद द्या इकडं. थांबा, हात पुसते. हा जाडजूड कंपनीचा असणार, टाचण्या विकून पैसा वर आलाय. बघू. 'आपण संरक्षक भिंतीवर विनापरवाना काळा रंग फासून वार्ताफलक तयार केला असून, त्यावर कंपनीची बदनामी करणारा मजकूर लिहिला आहे. अठ्ठेचाळीस तासांत फलक पुसून भिंत पूर्ववत करावी.' बदनामी? काय लिहिलं होतं मी मंगळवारी?

दत्ताराम : 'कंपनीच्या बागेतलं कारंजं सकाळी सहा ते दहा चालू असतं. आपल्या नळाला पहाटे चारला वीस मिनिटं पाणी येतं.'

सुंदराबाई : आणि खाली?

दत्ताराम : 'सुंदराबाई, खोली अकरा.'

सुंदराबाई : तोंडपाठ आहे की तुला. मग यात बदनामी कुणाची झाली, कारंजाची की नळाची?

दत्ताराम : माका काय विचारतेस? मी मशीनवर टाचण्यांना डोकी बसवतो. पर्सोनेलवाल्यानं बोलावलं. म्हणाला, दत्ताराम, तुम्ही त्याच चाळीत राहता ना, मग पोस्टाचं तिकीट कशाला फुकट घालवायचं, घरी जाताना देऊन टाका. आणि पोच घेऊन या, तिच्या सहीची.

सुंदराबाई : नाही आणलीस तर?

दत्ताराम : तर काय, काहीच नाही म्हणाला. फक्त म्हणाला, तुमच्या मुलीचं, प्रेमाचं, अप्रेंटिसचं पत्र सोमवारी सहीला ठेवतोय, अभिनंदन.

सुंदराबाई : हं. आता पालिकेचा. ह्याचा कागद बघ, पापड परवडला. ह्यात पण अठ्ठेचाळीस तास. ह्यात पण पुसा. आणि कलम लावलंय, 'विनापरवाना जाहिरात'. मी कशाची जाहिरात केली रे भीमराज, तहानेची?

भीमराज : मी शिपाई आहे, बाई. आवक-जावकला बसतो. कलम लावणारं टेबल वेगळं. साहेब म्हणाले, बजावणी घरच्या घरी होतेय तर बरंच झालं. माझ्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत. पेन्शनची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे. बोलताना ते फाईलकडे बघत होते.

सुंदराबाई : आणि ही टाचणी कुणाची?

दत्ताराम : दाखव. आमचीच. दोन नंबर, गोल डोक्याची. वॉर्ड ऑफिसला पेट्याच्या पेट्या जातात.

सुंदराबाई : म्हणजे नोटीस पालिकेची आणि टोचणार ती कंपनीची टाचणी. छान आहे. आणि माझ्याकडून सही पाहिजे.

दत्ताराम : मग काय करायचं गो? सही न करून कसं चालेल? ह्या कागदांना आम्ही जन्म दिला नाही.

भीमराज : बाई, ही लोकशाही आहे. नोटीस आली म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. घटनेनं उत्तर द्यायचा हक्क दिलाय. तुम्ही सही करून कागद घ्या, मग सावकाश उत्तर लिहू. मी मदत करतो.

सुंदराबाई : लोकशाही आहे ना? मग ह्या चाळीत लोकशाही म्हणून जी काय आहे ती तेवढा एक फळा. आणि तिला पुसायला तुम्ही दोघं एकाच दुपारी आलात. आता मी काय करते ऐका. सही मी एकाच कागदावर करणार.

दत्ताराम : एकाच?

सुंदराबाई : एकाच. घाबरायला माझी तयारी आहे, पण कुणाला घाबरायचं ते समजून उमजून घाबरेन. लोकशाहीला जास्त धोका कुणाचा, सरकारचा की कंपनीचा? तुम्ही ठरवा. ज्याचा मालक जास्त वाईट, त्याच्या कागदावर माझी सही.

भीमराज : म्हणजे मी सरकार वाईट आहे असं सिद्ध करायचं? सरकारी नोकरानं?

सुंदराबाई : पोच पाहिजे ना?

दत्ताराम : झकास. वैनी, मी तयार आहे. आमच्या कंपनीएवढी नालायक कंपनी आग्रा रोडवर दुसरी सापडणार नाही. सतरा वर्षं तिचं मीठ खातोय, मला विचार.

सुंदराबाई : ह्या दोन वाट्या. ही कंपनीची, ही सरकारची. मुद्दा पटला की एक पाकळी टाकेन. चालू कर.

दत्ताराम : गेल्या वर्षी पालिकेची निवडणूक झाली ना? आपल्याकडे दोन तगडे उमेदवार होते. एकमेकांच्या आईबापांचा उद्धार चालला होता भोंग्यावरून. त्या दोघांचे झेंडे, काठ्या, बिल्ले कुठं होते ठाऊक आहे? आमच्या तीन नंबरच्या गोदामात. शेजारी शेजारी. मी स्वतः काढून दिले. सकाळी ह्याची जीप यायची, दुपारी त्याची. पेट्रोल दोघांना एकाच पंपावर, एकाच चिठ्ठीनं. मी मॅनेजरला विचारलं, साहेब, आपला माणूस कुठला? म्हणाला, निवडून येईल तो.

सुंदराबाई : एक पाकळी कंपनीला.

भीमराज : हे काहीच नाही.

दत्ताराम : काहीच नाही कसं?

भीमराज : झेंडे दिलेत, पण कुणाला हात नाही लावलात. सरकार हात लावतं. आणीबाणीत आमच्या ऑफिसला आकडा दिला होता, महिन्याला अमुक इतक्या नसबंद्या झाल्याच पाहिजेत. वॉर्डातले पुरुष संपत आले, आकडा संपेना. माझं ऑपरेशन सत्तर सालीच झालं होतं. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, भीमराज, यादीत एक कमी पडतोय. मी म्हटलं, साहेब, माझी झालेली आहे. म्हणाले, तुला कोण आडवा करतोय, सही कर. त्या सालात कागदावर माझी तीनदा झाली.

दत्ताराम : तरीच तू असा जपून चालतोस.

सुंदराबाई : मला हसवू नका, हातात सुरी आहे. दोन पाकळ्या सरकारला.

दत्ताराम : दोन? त्यानं तर सही केली नुसती.

सुंदराबाई : तीन वेळा केली. एक मी सोडून दिली.

दत्ताराम : ठीक आहे. आमच्या युनियनची निवडणूक घे. गुप्त मतदान, नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. आणि पेटी कुठं ठेवली? मॅनेजरच्या केबिनमध्ये. एकेकानं आत जायचं, फुली मारायची, पेटीत टाकायची. मॅनेजर समोर खुर्चीत बसून पेपर वाचतोय. मी म्हटलं, साहेब, हे गुप्त आहे ना? तर म्हणाला, मी वर बघतच नाही.

सुंदराबाई : मग?

दत्ताराम : एकशे चाळीस जणांनी मत दिलं. एकशे चाळीस मतं एका बाजूला. पेपर पण उलटा धरला होता त्यानं.

सुंदराबाई : कंपनीला एक. अरे, तू वाटीत हात घालू नकोस. दोन पाकळ्या उचलल्यास त्या ठेव परत.

दत्ताराम : सवय गो. दिवसभर टाचण्या वेचणाऱ्याचा हात आपोआप जातो.

भीमराज : पण मला एक सांग दत्ता. त्या केबिनमधून तू बाहेर आलास, तक्रार केलीस कुठं?

दत्ताराम : कुठं करणार? तक्रार पेटी पण त्याच केबिनमध्ये.

भीमराज : हाच तर फरक आहे. आमच्याकडे निदान अर्ज देता येतो. त्याच्यावर शिक्का बसतो. उत्तर आलं नाही तर वर जाता येतं, त्याच्या वर जाता येतं. पाच वर्षांतून एकदा का होईना, तो जीपवाला माझ्यासमोर हात जोडून उभा राहतो. माझ्या बापाच्या दारात गावातलं कोणी उभं राहत नव्हतं. तुमचा मॅनेजर कुणाच्या दारात उभा राहिलाय आजपर्यंत? आणि बाई, तुम्ही फळ्यावर लिहायला शिकलात कुठं? पालिकेच्याच प्रौढांच्या वर्गात ना? अडतिसाव्या वर्षी?

सुंदराबाई : शिकले. ते खोटं नाही. पण हे तू सरकारच्या बाजूनं बोललास. एक पाकळी परत जाणार.

भीमराज : मी खरं ते बोललो.

सुंदराबाई : खरं बोलायला बंदी नाही. पाकळी तेवढी जाईल.

दत्ताराम : घे. मेल्या, तुला आपल्या मालकाला धड शिव्या पण घालता येत नाहीत. असा कसा रे तू? चाळीच्या नळावर कंपनीच्या नावानं बोटं मोडतोस ती पहाटे चारला, तेव्हा बरं सुचतं.

भीमराज : आणि तू पालिकेच्या नावानं.

सुंदराबाई : भांडा, पण मुद्द्यावर भांडा. आतापर्यंत एकास दोन. कंपनी पुढं आहे. भीमराज, तुझी पोच चालली.

भीमराज : थांबा. पोलीस कुणाचे? लाठी कुणाची? जेल कुणाचं? कंपनीला नोकरीवरून काढता येतं, आत टाकता येत नाही.

दत्ताराम : चौकीतले पंखे कुणी दिले? दोन पंखे, एक पाण्याचा माठ, गणपतीला पेढे. आमच्या गेटवर संप झाला तेव्हा व्हॅन आमच्या आधी हजर. अजून आम्ही बॅनर बांधत होतो. व्हॅनमधल्या हवालदारानं दोरी धरून मदत केली, म्हणाला आटपा लवकर, आम्हाला साडेअकराला लाठीमार करून जेवायला जायचंय.

सुंदराबाई : ह्याची पाकळी कुणाला द्यायची तेच कळेना. अर्धी अर्धी करते.

भीमराज : अर्धी पाकळी सरकारला कमी आहे, बाई. लाठी सरकारची होती.

सुंदराबाई : आणि भूक कुणाची? राहू दे. मला आता हे दोन्ही कागद परत वाचू दे. मघाशी घाईत एक ओळ सोडली. हे बघा. कंपनी म्हणते, 'आमच्या मालकीची संरक्षक भिंत'. आणि पालिका काय म्हणते? 'सदर भिंत महानगरपालिकेच्या हद्दीतील असून पालिकेच्या मालकीची आहे.' भिंत एक आणि मालक दोन?

दत्ताराम : भिंत आमची. त्यात काय विचारायचं.

भीमराज : तुमची नाही. तुमची हद्द गटारापलीकडे संपते. नकाशात तसं आहे. भिंत गटाराच्या अलीकडे आहे, गल्लीत. म्हणून पालिकेची. चार फूट.

दत्ताराम : नकाशा काय सांगतोस? आमच्या कंपनीला नकाशा लागत नाही. वैनी, हा मुद्दा नीट ऐक आणि दोन पाकळ्या तयार ठेव. एकोणऐंशी सालच्या गणपतीत तुम्ही सगळे गावी गेला होतात. चाळीत कुत्रं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी आम्हा बाराजणांना थांबवून घेतलं. डबल ओव्हरटाइम आणि जेवण. जुनी भिंत पाडली, नवीन भिंत चार फूट पुढं, गल्लीत. गटारावर लाद्या टाकून ते आत घेतलं. सोमवारी सकाळी नवीन भिंतीला जुन्या भिंतीचा पिवळा रंग. वर मातीचा हात मारला, म्हणजे जुनी दिसावी. मी स्वतः विटा वाहिल्या. बाविसशे विटा. लोक गावाहून आले, त्यांना वाटलं गावाकडं मोठं अंगण बघून आलोय म्हणून गल्ली अरुंद दिसतेय. आता सांग, सार्वजनिक गल्ली रात्रीतून गिळणारी असली कंपनी दुसरी आहे कुठं?



भीमराज : हे काहीच नाही.

दत्ताराम : परत काहीच नाही?

भीमराज : काहीच नाही. त्याची तक्रार आमच्याकडे आली होती. चाळीतल्याच एका म्हाताऱ्यानं दिली होती, पुढच्या साली वारला तो. साहेबांनी मोजणीला माणूस पाठवला. टेप घेऊन. मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. चार फूट दोन इंच. त्या माणसानं माझ्यासमोर वहीत लिहिलं, चार फूट दोन इंच. संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला रिपोर्ट आला, 'भिंत मूळ जागी आहे, तक्रारीत तथ्य नाही.' त्याच्यावर तीन सह्या आणि गोल शिक्का. ती फाईल मी माझ्या हातानं कपाटात ठेवली. खालच्या खणात, डाव्या कोपऱ्यात. दत्ता, तुला भिंत हलवायला बाविसशे विटा लागल्या. ती हललीच नाही हे ठरवायला आम्हाला एक कागद लागला. सांगा बाई, कुणाचा धोका मोठा?

दत्ताराम : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

भीमराज : तू मला विटांचं सांगितलंस?

सुंदराबाई : एक विचारते. दोघांपैकी कुणीही सांगा. आपल्या नळाची लाईन कुठून जाते?

भीमराज : गल्लीतून.

सुंदराबाई : गल्लीतून म्हणजे गल्लीच्या कुठल्या अंगानं?

दत्ताराम : गटाराला लागून. अलीकडून.

सुंदराबाई : म्हणजे आता कुठं?

दत्ताराम : वैनी...

सुंदराबाई : आता कुठं, दत्ता?

दत्ताराम : भिंतीच्या आत.

सुंदराबाई : एकोणऐंशीच्या गणपतीपर्यंत आपल्याला दोन वेळा पाणी होतं. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सहा. मी गावाहून आले आणि पाणी गेलं. मला वाटलं धरणातच कमी आलं. दोन वर्षं मी फळ्यावर लिहिलं, पाणी जपून वापरा. सात वर्षं मी चारला उठते. आणि माझ्या मागं कळशी घेऊन रांगेत कोण असतं? तू. तुझ्या मागं हा. तू पालिकेला शिव्या देतोस, हा कंपनीला देतो. आणि मी, बावळट, दोघांना हो हो म्हणते.

भीमराज : लाईनचं माझ्या डोक्यात आलं नाही. शपथेवर सांगतो. मला वाटलं नुसती जमीन गेली.

दत्ताराम : माझ्या आलं होतं.

सुंदराबाई : आलं होतं?

दत्ताराम : पहिल्या आठवड्यातच. कारंजं बसवायला प्लंबर आला, तेव्हा त्याच्या हाताखाली मीच होतो. त्यानं आपल्या नळाचा पाइप दाखवला, कारंजं त्यालाच जोडलं. मग मी काय करणार होतो? कंपनीत सांगितलं असतं तर सोमवारी माझं कार्ड गेटवर ठेवून घेतलं असतं. चाळीत सांगितलं असतं तर मंगळवारी. तेव्हा प्रेमा दहा वर्षांची होती, आईचं मोतीबिंदूचं... जाऊ दे. मी कळशी भरत राहिलो. माझ्या पण खांद्याला दुखतं वैनी. मला दुसऱ्या नळाचं पाणी येत नाही.

सुंदराबाई : ते दिसतंय मला. लसूण खाली सांडू नको, वाटी सरळ धर.

दत्ताराम : ही वाटी कुणाची? कंपनीची की सरकारची?

सुंदराबाई : आता दोन्ही आमटीत जाणार. आणा ते कागद. कुठं करायची सही?

भीमराज : कुठल्या कागदावर?

सुंदराबाई : दोन्ही. सोमवारी दोघांचे मालक विचारतील, त्याच्यापेक्षा घेऊन जा. अठ्ठेचाळीस तास म्हणजे सोमवार दुपार. सोमवारी दुपारी मी फळा पुसते, स्वतःच्या हातानं. भिंत पूर्ववत हवीय ना त्यांना, करते पूर्ववत. पण मध्ये उद्याचा रविवार आहे. सगळे घरी असतात. उद्याचा फळा मोठा लिहिणार.

भीमराज : काय लिहिणार?

सुंदराबाई : आधी ह्या दोन नोटिसा, शब्दाला शब्द. भिंत कंपनीची आहे असं कंपनी म्हणते, पालिकेची आहे असं पालिका म्हणते. त्यांची भांडणं त्यांना करू दे. त्याच्या खाली तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते. शुक्रवार ते सोमवार, बाविसशे विटा, चार फूट. आणि टेप, चार फूट दोन इंच, आणि रिपोर्ट.

दत्ताराम : दोन इंच कुठून आले पण? आम्ही चारच फूट घेतले होते.

भीमराज : गिलावा धरला असेल.

दत्ताराम : हां. गिलावा. मातीचा हात पण मारला होता.

सुंदराबाई : आणि खाली नावं.

दत्ताराम : नावं कशाला गो?

सुंदराबाई : सहा वर्षांत ह्या फळ्यावर बिननावाची एक ओळ गेलेली नाही. ज्यानं बघितलं त्याचं नाव. माझी मांजर चोरीला गेली तरी मी माझं नाव घातलं. नाव नसलं की ती कुजबूज होते, आणि कुजबूज पुसायला नोटीस पण लागत नाही.

दत्ताराम : 'कंपनीतला एक कामगार' असं लिही ना. झकास वाटतं.

सुंदराबाई : बाराजण होतात. लोक बाराहीजणांकडं बघतील.

दत्ताराम : वैनी, प्रेमाचं पत्र सोमवारी निघतंय. सोमवारी. एक आठवडा थांबता येणार नाही?

सुंदराबाई : एक आठवड्यानं फळा कुठला रे?

भीमराज : त्याला धरू नका बाई. त्याची पोर आहे. कंपनी गेटवर कार्ड ठेवून घेते आणि संपलं, दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारणार नाही तू कोण. मगाशी मी म्हटलं ना, अर्ज तरी कुठं करणार तो.

सुंदराबाई : मी धरत नाही. मी रागावलेली आहे, ते वेगळं. दत्ता, तुझी ओळ मी लिहीत नाही. पण तेवढी जागा रिकामी ठेवते. पत्र हातात आलं, पोर कामाला लागली आणि तुला वाटलं, तर सांग. फळा नसला तर दारावर लिहीन.

दत्ताराम : मी उद्या फळ्यापाशी उभा राहीन. सकाळपासून. रिकामी जागा बघून कोणी विचारलं की इथं काय आहे, तर तोंडानं सांगेन. बोललेलं नाकारता येतं गो. लिहिलेलं नाकारता येत नाही. एवढंच जमेल माका.

सुंदराबाई : तेवढं कर. खरंच उभा राहा मात्र, मासे आणायला जाऊ नकोस.

दत्ताराम : मासे हा आणेल.

भीमराज : मी नाही. मला उद्या ऑफिसला जाऊन यायला लागेल.

सुंदराबाई : रविवारी? आणि चावी?

भीमराज : चावी माझ्याकडेच असते. ती फाईल खालच्या खणात डाव्या कोपऱ्यात आहे म्हणालो खरा, पण सात वर्षं झाली, वाळवी लागली असेल. फळ्यावर लिहायचं तर आकडा बघून लिहिलेला बरा. आणि तो टेपवाला, त्याच्या वहीची नक्कल त्याच फाईलला लावलेली होती. बघून येतो. फाईल हलवणार नाही, नुसती वाचून येतो. वाचायला बंदी नाही.

दत्ताराम : आणि तुझी पेन्शन? साहेबांनी फाईल दाबली तर?

भीमराज : दाबतील. आमच्याकडे दाबतात, फाडत नाहीत. दाबलेली फाईल मला काढता येते, तीस वर्षं तेच केलंय. अर्ज करेन. वर जाईन. त्याच्या वर जाईन. मेलो तर बायको जाईल.

सुंदराबाई : म्हणजे तुझी ओळ लिहायची?

भीमराज : लिहा. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं, हे पण लिहा. नुसता बघत नव्हतो.

सुंदराबाई : धरा, ह्या घ्या दोघांच्या पोचा. सही वाचता येते ना? आणि भीमराज, खाली नाव काय घालू? नुसतं भीमराज चालेल? चाळीत सगळे ओळखतात.

भीमराज : नुसतं नको. भीमराज केरू साळवे, शिपाई, आवक-जावक, असं पूर्ण लिहा. आमच्या ऑफिसात भीमराज दोघं आहोत, आणि त्या दुसऱ्याची अजून अठरा वर्षं नोकरी बाकी आहे.